जनसागराची मोजदाद

शनिवार पेठेत माझे एक वयोवृद्ध स्नेही राहतात. ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत त्यांचे घर आहे. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकविले. पण मी पुण्यात सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो, त्या काळी आम्हां काही विद्यार्थ्यांचे मराठी घासूनपुसून घेण्याचे कामही त्यांनी हौसेने पत्करले होते. आम्ही त्यांना ‘सर’ म्हणत असू व आजही म्हणतो. मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी कपाटातून एक जाडजूड वही काढून माझ्या हाती दिली. वहीत वर्तमानपत्रांची कात्रणे चिकटवलेली होती. सभा, मोर्चे, मिरवणुका, यात्रा, उरूस, जयंत्या, सत्संग. मात्र प्रत्येक बातमीत उपस्थितीचा आकडा असला पाहिजे, ही सरांची एकमेव अट. कात्रणाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात गुणाकार-भागाकार मांडलेले होते आणि शेवटी एकच शब्द : ‘अशक्य’, ‘शक्य’, किंवा क्वचित ‘बरोबर’. ‘बरोबर’ असा शेरा मला सबंध वहीत चार ठिकाणी आढळला.

ही वही मी महिनाभर माझ्याजवळ ठेवून घेतली. ह्या त्रैमासिकात मी आजवर कवितासंग्रहांची आणि कथासंग्रहांची परीक्षणे लिहीत आलो आहे. ह्या खेपेस परीक्षणासाठी घेतलेला ग्रंथ अप्रकाशित आहे आणि त्याचे लेखक शेकडो आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे नावही बातमीवर नाही. तरीही हा एक वाङ्मयप्रकारच आहे, त्याला त्याची भाषा आहे, रूढी आहेत, आणि त्याचे वाचक आपण सर्वच आहोत.

प्रथम भाषेकडे पाहू. मराठी वार्ताहराजवळ गर्दीसाठी जितके शब्द आहेत तितके बहुधा पावसासाठीही नसतील. ‘जनसागर उसळला’, ‘भक्तांचा महापूर लोटला’, ‘विराट सभा’, ‘अलोट गर्दी’, ‘मुंगी शिरायलाही जागा उरली नव्हती’, ‘न भूतो न भविष्यति’. ह्यांतील बरेचसे शब्द पाण्याचे आहेत, ही गोष्ट सहज लक्षात येते. पाणी मोजता येत नाही म्हणून ते निवडले गेले असावेत. समुद्राला कोणी ‘किती थेंब?’ असे विचारत नाही. परंतु गंमत अशी, की हाच वार्ताहर पुढच्याच ओळीत आकडा देतो. पहिल्या वाक्यात अगणित असलेला समुदाय दुसऱ्या वाक्यात ‘पाच लाख’ होतो. मग आकडाही अलंकारच मानावा काय? माझ्या मते मराठी बातमीत ‘लाख’ हा शब्द संख्यावाचक राहिलेलाच नाही. तो विशेषण झाला आहे. ‘लाखोंच्या उपस्थितीत’ याचा अर्थ ‘पुष्कळ लोक होते व मी ते मोजले नाहीत’ इतकाच. ‘हजारोंच्या उपस्थितीत’ याचा अर्थ मात्र आता ‘फारसे कोणी आले नव्हते’ असा होऊ लागला आहे. चलनाची किंमत घसरते तशी आपल्या संख्यांचीही घसरली आहे.

सरांनी मला एका संध्याकाळी शनिवारवाड्यासमोर नेले. दिल्ली दरवाजा, त्याच्यासमोरचे प्रांगण, थोरल्या बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आणि त्यापलीकडे अखंड वाहणारा शिवाजी रस्ता. पुण्यातील राजकीय वक्तृत्वाचा मोठा इतिहास ह्या प्रांगणाने ऐकला आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील सभांच्या आठवणी सांगणारी पिढी आता विरळ झाली. पण ‘अत्र्यांची लाखाची सभा’ हा शब्दप्रयोग पुण्यात अजून जिवंत आहे. सर म्हणाले, “फादर, गणित अगदी सोपे आहे. माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली, तर एका चौरस मीटरमध्ये चार मावतात. लाख माणसांना पंचवीस हजार चौरस मीटर जागा हवी. म्हणजे सहा एकरांहून थोडी जास्त. आता तुम्हीच पाहा.” मी पाहिले. प्रांगण, पुतळ्याभोवतीचा भाग आणि समोरचा रस्ता एकत्र धरला तरी सहा एकर भरत नाहीत, हे समजायला फूटपट्टी लागत नाही. आणि लोक बसलेले असतील, जसे ते त्या काळच्या सभांना खाली मांडी घालून बसत, तर चारांच्या जागी दोनच माणसे धरावी लागतील.

ह्यामुळे आचार्य अत्र्यांच्या सभा लहान ठरतात काय? मुळीच नाही. गल्लीबोळांत, ओसऱ्यांवर, कर्ण्यांच्या आवाजाच्या कक्षेत उभे राहून ऐकणारे पुष्कळ असत, आणि त्यांना ह्या गणितात जागा नाही. शिवाय ती वाणी ऐकायला आलेल्या वीस-पंचवीस हजारांनी जे घडवून आणले ते १ मे १९६० रोजी सर्वांनी पाहिले. पण एक बारकावा नोंदविण्यासारखा आहे. अत्रे हे वक्तेही होते आणि १५ नोव्हेंबर १९५६ रोजी सुरू झालेल्या ‘मराठा’ दैनिकाचे संपादकही. सभेत बोलणारा आणि सभेची बातमी छापणारा एकच असला म्हणजे आकड्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहिले जाणार? विरुद्ध बाजूच्या पत्रांचा डोळाही तितकाच तिरका असे. त्या काळी निदान वाचकाला माहीत होते, की हे पत्र अमुक पक्षाचे. आज तटस्थतेचा शिक्का मारून तोच आकडा हाती येतो.

तो येतो कोठून, हे मी काही वार्ताहरांना विचारले. उत्तरे मोकळेपणाने मिळाली, म्हणून त्यांची नावे लिहीत नाही. वार्ताहराची खुर्ची व्यासपीठाच्या अगदी पुढे, पत्रकारांसाठी राखलेल्या जागेत असते. तेथून त्याला पुढच्या वीस रांगा दिसतात, आणि पुढच्या वीस रांगा नेहमीच गच्च असतात. मागचे मैदान रिकामे असले तरी ते त्याच्या पाठीशी असते. मग तो आयोजकांना विचारतो. आयोजकांनी आकडा सभेच्या आधीच ठरविलेला असतो. परवानगीच्या अर्जात लिहिलेला असतो. नंतर तो पोलिसांना विचारतो. पोलिसांचा अंदाज हा बंदोबस्तासाठी केलेला असतो, इतिहासासाठी नव्हे. तो कधी धोरणाने कमी, तर कधी खबरदारीने जास्त सांगितला जातो. दोन्ही आकड्यांची सरासरी काढून, किंवा संपादकाला जो रुचेल तो घेऊन, बातमी रात्री नऊच्या आत पाठवली जाते. एक वार्ताहर हसत म्हणाला, “फादर, खरा आकडा फक्त मांडववाल्याला माहीत असतो.” हे मला मार्मिक वाटले. मांडववाला खुर्च्यांचे भाडे लावतो, तेव्हा तेथे अलंकार चालत नाही. पाण्याचे टँकर, जेवणाच्या पत्रावळी, वाहनतळावर उभ्या राहिलेल्या गाड्या, ह्या सर्वांची कोठे ना कोठे पावती फाटलेली असते. ती पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही, एवढेच.

शनिवार पेठेतच ह्याचे उलट उदाहरणही आहे. सवाई गंधर्व महोत्सव अनेक वर्षे रमणबागेच्या मैदानावर भरत असे. तेथे तिकीट असे, बैठकीच्या जागा आखलेल्या असत. म्हणून त्याच्या बातमीत लाखोंचा उल्लेख कधी आला नाही. बातमी रागाची होत असे, गायकाची होत असे. जेथे प्रवेशाला पैसे पडतात तेथे मोजणी आपोआप होते. जेथे प्रवेश मुक्त असतो तेथे आकडाही मुक्त होतो.

गर्दी मोजण्याची रीत कोणाला माहीतच नव्हती, असेही नाही. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकविणारे हर्बर्ट जेकब्स हे पूर्वी स्वतः वार्ताहर होते. १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या निदर्शनांच्या वेळी त्यांच्या कार्यालयाच्या उंच खिडकीतून खालचा चौक दिसे. त्या चौकाच्या फरशीत चौकोन आखलेले होते. त्यांनी एकेका चौकोनातील डोकी मोजली, गुणाकार केला आणि ठोकताळा बसविला : विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि चेंगराचेंगरीच्या बेतात आलेल्या गर्दीत अडीच. १९६७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला, तरी ह्यापेक्षा सोपे साधन अजून सापडलेले नाही. आता ड्रोन आले, उपग्रह आले, संगणक आले. मूळ तत्त्व तेच राहिले, जागेचे क्षेत्रफळ आणि तिच्यातील दाटी.

जेकब्सची रीत वाचताना मला शुभवर्तमानातील एक तपशील नव्याने दिसला, आणि इतकी वर्षे प्रवचने करूनही तो माझ्या लक्षात आला नव्हता, याची थोडी लाजही वाटली. भाकरी वाढण्यापूर्वी प्रभू येशू लोकांना हिरवळीवर पंक्तीने बसवितो. मार्क सांगतो की त्या पंक्ती शंभर-शंभर व पन्नास-पन्नास जणांच्या होत्या. पाच हजार हा आकडा कोणी टेकडीवरून डोळे मिचकावून सांगितलेला नसावा. पंक्ती मोजल्या की तो मिळतो. तरीही मत्तय ‘सुमारे’ म्हणण्याचे विसरत नाही, आणि स्त्रिया व मुले ह्यात धरलेली नाहीत हेही तो प्रामाणिकपणे नमूद करतो. (ती का धरली नाहीत, हा वेगळा प्रश्न, आणि माझ्या धर्मग्रामातील भगिनी तो मला दरवर्षी विचारतात.) याउलट योहानाच्या शेवटच्या अध्यायात जाळ्यातील मासे एकशे त्रेपन्न आहेत. तेथे ‘सुमारे’ नाही. कोळ्यांनी ते किनाऱ्यावर ओतून मोजले होते. जे मोजले ते नेमके सांगावे आणि जे अंदाजिले त्याला ‘सुमारे’ जोडावे, हा भेद त्या लेखकांना कळत होता.

मिरवणुकीचे गणित निराळे. माणसे एका जागी नसून वाहत असतात, म्हणून तेथे क्षेत्रफळाऐवजी वेळ मोजावा लागतो. दहा मीटर रुंदीचा रस्ता घ्या. माणशी एक चौरस मीटर जागा आणि ताशी तीन किलोमीटर वेग धरला, तर तासाला तीस हजार माणसे एका खांबासमोरून जातील. दाटी दुप्पट केली तर वेग मंदावतो; ताशी दोन किलोमीटर धरल्यास चाळीस हजार. अशा रस्त्यावरून दहा लाख माणसे नेण्यास अहोरात्र चालून एक तास वर लागेल. पाच तास चाललेला मोर्चा एकाच रस्त्याने गेला असेल, तर तो दोन लाखांच्या आसपासचा असतो. आणि दोन लाख माणसे म्हणजे काही थोडी नव्हेत.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चा निघाला, त्याच्या बातम्यांना सरांच्या वहीत सहा पाने दिली आहेत. एकाच दिवसाच्या, एकाच शहराच्या त्या बातम्या. पण एकीतील आकडा दुसरीशी जुळत नाही, आणि फरक शेकड्यांचा नसून लाखांचा आहे. सरांनी तेथे ‘अशक्य’ लिहिलेले नाही; ‘मार्ग अनेक, मोजणे कठीण’ असे लिहिले आहे, आणि ते न्याय्य आहे. लोक चारी दिशांनी आले, कित्येक जण मुख्य रस्त्यापर्यंत पोचलेच नाहीत. माझा आक्षेप वेगळा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) पहिला मोर्चा निघाल्यापासून प्रत्येक जिल्ह्याच्या बातमीत मागील जिल्ह्याच्या आकड्यावर ताण करण्याची चढाओढ दिसते. त्या मोर्चांचे खरे नवल त्यांच्या मौनात होते, मुली पुढे चालत होत्या त्यात होते, मोर्चानंतर रस्ते झाडले गेले त्यात होते. हे सर्व वार्ताहराच्या डोळ्यांसमोर घडत होते, त्यासाठी अंदाजाची गरज नव्हती. ते आतल्या पानात गेले आणि मथळा आकड्याने घेतला.

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीबाबत तर आमचे पुणे फारच मजेशीर वागते. मिरवणूक किती तास चालली याची नोंद मिनिटांपर्यंत ठेवली जाते. २०२२ साली ती एकतीस तासांच्या घरात गेली तेव्हा विक्रमाची चर्चा झाली. कारण घड्याळ सर्वांच्या हातावर असते आणि कोणी खोटे सांगितले तर शेजारी लगेच दुरुस्त करतो. पण त्याच बातमीत लोकांची संख्या मात्र ‘लाखो’. एकाच मिरवणुकीचे एक माप सोनाराच्या काट्यावर आणि दुसरे मुठीने.

वाढवून सांगण्याचा दोष जसा आहे तसा झाकून टाकण्याचाही आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर देशभरातून माणसे येतात. उपाशीतापाशी, लेकरे कडेवर घेऊन, रेल्वेच्या साध्या डब्यातून येतात आणि पुस्तके विकत घेऊन परततात. वर्षानुवर्षे मुंबईच्या पत्रांत त्यांच्याविषयी जे आले ते वाहतुकीची कोंडी आणि शिवाजी पार्कवरील कचरा, अशा शीर्षकांखाली आले. तेच मैदान, सुमारे अठ्ठावीस एकरांचे. पक्षाची सभा असली की त्याच्यावर ‘जनसागर’ असतो, आणि गरीब माणूस आला की ‘गैरसोय’ असते. कोणाची गर्दी संख्येत सांगायची आणि कोणाची उपद्रवात, हे कोणीतरी ठरवीत असते. हा दोष पेन्सिलीच्या गुणाकाराने उघडा पडत नाही, म्हणून सरांच्या वहीत त्याला स्थान नाही. मी तो येथे जोडतो.

आता आपल्या घरात डोकावू. १८ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मनिला येथे मिस्सा अर्पण केली. साठ लाख लोक हजर होते, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले व जगभर ते छापले गेले. त्याच शहरात जानेवारी १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या मिस्सेसाठी चाळीस ते पन्नास लाखांचा आकडा दिला गेला होता. आपल्याकडील कॅथलिक नियतकालिकांनी दोन्ही आकडे अभिमानाने उचलले. मीही एका प्रवचनात साठ लाख सांगितले. सरांनी मला रिझाल पार्कचे क्षेत्रफळ शोधून आणायला लावले. ते अठ्ठावन्न हेक्टर आहे. म्हणजे पाच लाख ऐंशी हजार चौरस मीटर. चारने गुणले तर तेवीस लाख. उरलेले सदतीस लाख? ते आसपासच्या रस्त्यांवर, पोपमहोदयांच्या गाडीच्या मार्गावर होते, असे उत्तर दिले जाते. काही प्रमाणात ते खरेही असेल. पण मग ते ‘मिस्सेला उपस्थित’ होते असे म्हणता येईल काय? भर पावसात, अंगावर प्लास्टिक पांघरून उभ्या राहिलेल्या त्या भाविकांची श्रद्धा वीस लाखांनी लहान झाली नसती. आकडा आम्हांला हवा होता, त्यांना नव्हे.

आणि माझा स्वतःचा अपराधही मी सांगितला पाहिजे, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तोच आहे. वीसएक वर्षांपूर्वी मी एका ग्रामीण धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू होतो. वार्षिक सणाचे पत्रक वर्तमानपत्राकडे मीच पाठविले आणि त्यात ‘दहा हजार भाविक’ असे लिहिले. मोजले नव्हते. चर्चचे आवार भरले होते, मन भरून आले होते, आणि शेजारच्या धर्मग्रामाने आदल्या महिन्यात आठ हजार लिहिले होते. बातमी जशीच्या तशी छापून आली. संध्याकाळी सिस्टरांनी मला सांगितले की पवित्र मिस्सेसाठी आणलेल्या दोन हजार ओस्तींपैकी दोनशे उरल्या. आमच्याकडे सण म्हटला की ख्रिस्तप्रसाद न घेणारे फार थोडे. लहान मुले आणि पाहायला आलेले गावकरी धरले तरी तीन हजारांच्या वर आकडा जात नव्हता. मी हसलो आणि विसरलो.

पुढच्या वर्षी सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आवाराच्या भिंतीला टेकून एक खेळणीवाली बाई बसलेली दिसली. फुगे, पिपाण्या, प्लास्टिकच्या मोटारी. तिच्या दोन्ही टोपल्या जवळजवळ भरलेल्या होत्या. तालुक्याच्या गावाहून आली होती. मी विचारपूस केली तेव्हा ती म्हणाली, “फादरबाबा, मागल्या साली पेपरात वाचून दाखवलं पोरानं, धा हजार मानूस येतंय म्हणून. उसनवारी करून माल भरला.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती. आपलेच काही चुकले असावे, अशा समजुतीने ती बोलत होती. तिचे काही नुकसान मी भरून दिले, पण ते पत्रक मी लिहिले होते हे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही असत्याचे प्रकार शिकलो होतो : हानिकारक, उपकारक, विनोदी. आकडा फुगविणे मी तिसऱ्या प्रकारात टाकीत होतो. ते पहिल्यातले होते.

खेळणीवालीचे नुकसान रुपयांत होते. ते प्राणांतही होते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. दहा लाख, वीस लाख असे आकडे त्या दिवसाच्या बातम्यांत कौतुकाने झळकत होते. समुदायावर छत नव्हते, तापमान अडतीस अंशांवर होते, आणि भर दुपारपर्यंत माणसे उन्हात बसून होती. चौदा जणांचा मृत्यू झाला. येथे मला एक साधा प्रश्न पडतो. वीस लाख माणसे येणार हे कोणी खरोखर मानत होते काय? मानत असते, तर वीस लाखांना लागणारे पाणी, सावली, रुग्णवाहिका आणि परतीचे रस्ते यांचा हिशेब आधी मांडला गेला असता, आणि तो मांडताच कार्यक्रम त्या वेळी त्या जागी होऊ शकत नाही हे दिसले असते. आकडा मथळ्यासाठी होता, नियोजनासाठी नव्हता. आणि वार्ताहरांपैकी एकानेही आदल्या दिवशी ‘वीस लाखांना पाणी कोठून?’ असे विचारले असते, तर त्याची बातमी त्या वर्षातील सर्वोत्तम बातमी ठरली असती.

२५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन दोनशे नव्वदांहून अधिक भाविक गेले, तेव्हा लाखो लोक येतात हे काही गुपित नव्हते. डोंगरावरची वाट अरुंद आहे हेही नव्हते. पण दर वर्षी ‘लाखो’ हा एकच शब्द वापरल्यामुळे गर्दी गेल्या वर्षीपेक्षा किती वाढली, हे सांगणारे मापच कोणाजवळ उरत नाही. नाशिकला २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात एकोणचाळीस जण चेंगरून मेले. आणि २०२५ सालच्या प्रयागराजच्या महाकुंभात पंचेचाळीस दिवसांत सहासष्ट कोटी लोकांनी स्नान केले, असे सरकारी आकडे सांगतात. म्हणजे देशातील जवळजवळ दर दोन माणसांमागे एकाने. तोच यात्रेकरू दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला गेला काय, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मला अस्वस्थ करते ते दुसरेच. २९ जानेवारीच्या पहाटे तेथे चेंगराचेंगरी झाली. त्या दिवशी किती कोटींनी स्नान केले, याचे आकडे सकाळपासून वेळोवेळी दिले जात होते. किती जण मेले, हा आकडा संध्याकाळी आला : तीस. कोट्यवधी जिवंत माणसे तासातासाला मोजता येत होती, तीस मृतदेह मोजायला दिवस लागला. आणि बहुतेक पत्रांनी हे दोन आकडे एकाच पानावर छापूनही त्यांची गाठ घालून दिली नाही. नाशिकचा पुढचा सिंहस्थ २०२७ सालचा आहे. तेथे जाणारे आपले शेजारी आहेत, म्हणून हे लिहिले.

‘मग सरकारनेच अधिकृत मोजणी का करू नये?’ असे कोणी विचारील. अमेरिकेने ते करून पाहिले. १६ ऑक्टोबर १९९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचा ‘दशलक्ष पुरुषांचा मोर्चा’ निघाला. नावातच आकडा होता, ही पहिली चूक. राष्ट्रीय उद्यान खात्याने छायाचित्रांवरून चार लाखांचा अंदाज दिला. आयोजक खवळले, न्यायालयात जाण्याची भाषा झाली. बोस्टन विद्यापीठातील तज्ज्ञांनी छायाचित्रे पुन्हा तपासून सुमारे आठ लाख सदतीस हजार, वीस टक्के कमी-अधिक, असा निष्कर्ष काढला. ह्या वादानंतर, १९९६ साली, तेथील संसदेने त्या खात्याच्या गर्दीमोजणीचे पैसेच बंद करून टाकले. प्रामाणिक माणसाची दोन टोकांकडून होणारी ही कुचंबणा आहे. पण बोस्टनवाल्यांचे ते ‘वीस टक्के कमी-अधिक’ मला फार आवडले. मराठी बातमीत असा शब्दप्रयोग मी आजवर वाचलेला नाही.

सरांच्या वहीतील चार ‘बरोबर’ शेऱ्यांपैकी एक मार्च २०१८ च्या शेतकरी मोर्चाच्या बातमीखाली आहे. नाशिकहून निघालेले आदिवासी शेतकरी सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालत मुंबईला पोचले. तीस हजार, चाळीस हजार, पन्नास हजार, असे आकडे तेव्हाही दिले गेले. पण ज्या बातमीवर सरांचा शेरा आहे तिच्यात वार्ताहराने आकडा कोणी सांगितला तेही लिहिले आहे, आणि मग त्यावर अधिक वेळ न घालवता तो पायांकडे वळला आहे. सोललेल्या टाचा, तुटलेल्या चपला, आणि दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना त्रास होऊ नये म्हणून रात्रीच चालून आझाद मैदान गाठण्याचा त्यांचा निर्णय. मुंबईकर मध्यरात्री पाणी घेऊन रस्त्यावर आले ते ह्या मजकुरामुळे, लाखांमुळे नव्हे. ह्या बातमीत भाषा कोठेही पाण्याची नाही.

वही परत करायला गेलो तेव्हा माझ्याजवळ एक नवे कात्रण होते. ह्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणाचे पत्रक मी पुन्हा स्वतःच लिहिले : मांडवातील खुर्च्या बाराशे, उभे असलेले अंदाजे चारशे, ख्रिस्तप्रसाद घेणारे चौदाशे दहा. रात्री वार्ताहराचा दूरध्वनी आला. “फादर, आकडा जरा बारीक वाटतो. थोडा गोल करू का?” मी म्हटले, “नको, आहे तसाच राहू द्या.” तो बरे म्हणाला. दुसऱ्या दिवशी बातमी आली : ‘हजारो भाविकांच्या उपस्थितीत सण उत्साहात साजरा’. सरांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, डिंकाची बाटली मागवली आणि शेवटच्या पानावर चिकटवून खाली पेन्सिलीने लिहिले : ‘एक हजार सहाशे. अनेकवचन चूक.’